पडू दे

रुवीतला हॉल मला शनिवारी दोन तास मिळतो.
खिडकीला टेकलेला काळा डोंगर
दिवसभर प्यालेलं ऊन संध्याकाळी परत करत बसतो.
नऊ मुलं. तेरा-चौदा वर्षांची.
सगळ्यांना कॅमेरा हवा असतो.
मी आधी केबल देतो.

गुंडाळ. अगं कोपरावर नको, शर्वाणी,
वाळत घालायची दोरी नाही ती.
एक वेढा सुलटा, एक उलटा.
केबलला तिचा तिचा पीळ असतो,
त्याच्याविरुद्ध ओढलीस तर आतून तुटते
आणि बाहेरून कितीतरी महिने धड दिसते.
(अशी माणसं मी लेबर कॅम्पात पाहिलीत.
हे वर्गात बोलत नाही.)

मग स्टँड.
मोठा पाय वजनाच्या बाजूला,
त्यावर वाळूची पिशवी.
जुहैना पिशवी उलटून बघते:
सर, ही वाळू बाहेरच्या देशातून आलीय?
एवढी आपल्या दारात असताना?
बावीस वर्षं झाली, पोरी,
मीही असाच बाहेरून मागवलेला आहे.

कॅमेरा गार हॉलमधून बाहेर नेला
की भिंगाला घाम फुटतो.
पुसू नका. थांबा.
हवा बदललीय त्याची,
रुळू दे.

दिवा विझला म्हणजे निवला असं नसतं.
हातमोजे घाल, मेर्विन. दोन्ही.
आणि भाजलंच, तर नळाकडे धावू नका,
गच्चीवरच्या टाकीतून उकळतं पाणी येतं जूनमध्ये.
कूलरखाली हात. वीस मिनिटं. घड्याळ लावून.

आता शेवटचं.
हे कुठल्या पुस्तकात नाही, म्हणून नीट ऐका.
पडायला लागलं काही,
दिवा, स्टँड, कॅमेरा, काहीही,
तर झेलायचं नाही.
दोन पावलं मागे, हात छातीशी.
पडू दे.

का, ते मी अर्धंच सांगतो.
सोहारला आमच्यात एक होता, बिष्णू.
दिवा कलला, आणि तो धावला.
दिव्याची किंमत सातशे रियाल,
त्याचा पगार शंभर.
मधल्या क्षणात माणूस एवढा हिशेब करू शकतो,
हे मला त्या दिवशी कळलं.
दिवा वाचला.
मालकाने तो उचलून सगळीकडून फिरवून पाहिला,
तारेची जाळी थोडी वाकली होती.
बिष्णू भिंतीशी बसला होता,
तळवे वर करून,
जणू कुणी त्यात काही वाढणार आहे.

मुलांना एवढंच सांगतो, की त्याला लागलं.
म्हणवून घेतो सगळ्यांकडून: पडू दे.
नऊ आवाज, पाच-सहा मातृभाषा, एक मराठी शब्द.
जुहैना ‘ड’ला अडखळते, हसते, पुन्हा म्हणते.

काल मेर्विनच्या पायात केबल अडकली.
(त्यानेच गुंडाळलेली. कोपरावर.)
स्टँड सावकाश निघाला,
पडणारी वस्तू नेहमी आधी सावकाश निघते,
आणि नऊच्या नऊ मुलं
दोन पावलं मागे झाली. हात छातीशी.
अगदी शिकवलं तसं.

धावलो मी.

छेचाळीस वर्षांचा, गुडघा दुखरा, हातमोजा खिशात.
सातशे, आणि उरलेला हप्ता,
आणि भाड्याने आणलेला दिवा, मालकाला न सांगता,
सगळं बोटांना आधी आठवलं,
मला मागाहून.

दिवा वाचला.

कुणी हसलं नाही.
शर्वाणीने प्लग काढला, मग जवळ आली, या क्रमाने.
मनगट धरून कूलरपाशी नेलं मला,
नळी दाबली,
मेर्विनला म्हणाली, घड्याळ लाव.
तो रडत होता. त्याने लावलं.

अकराव्या की बाराव्या मिनिटाला
जुहैना शेजारी येऊन उभी राहिली.
दिव्याकडे तिने पाहिलंही नाही.
म्हणाली, सर,
तुमचा तो शब्द म्हणा बघू.

पाणी वाहत होतं.
मला ‘ड’ जमेना.